वॉर्डातली पाहुणी

इस्पितळात डायबिटीसच्या पेशंटची देखभाल नीट होते का, हे खाटेखाटेला जाऊन त्यांनाच विचारायचं, ही माझी नोकरी. बडोद्यात हे विचारणं म्हणजे नुसती घशाला कोरड. ज्याला विचारावं तो म्हणतो, "बधुं सारूं छे, बेन." अरे बाबा, सगळं छान आहे तर सकाळी रडत का होतास? पण नाही, सिस्टरना वाईट वाटेल ना! मला या 'सारूं'चा अगदी वीट आला होता.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खाटेवर वाडीतल्या, म्हणजे इथल्या मराठी वस्तीतल्या, एक काकू होत्या. माझं मराठी ऐकून त्या उठूनच बसल्या. "अगंबाई, आपल्यातल्या! बसा, बसा. साखर नीट राहिली की उद्या मला घरी सोडणार आहेत." माझे पाय इतके दुखत होते की मी लगेच बसले. त्यांना नुकतंच इन्सुलिन दिलं होतं आणि जेवणाचं ताट स्टुलावर झाकून ठेवलेलं होतं.

"इंजेक्शननंतर जेवण वेळेवर मिळतं?"

"मिळतं की. हे काय, आलंय."

मी पुढचं विचारत राहिले, त्या माझं माहेर-सासर विचारत राहिल्या. हळूहळू त्या अडखळायला लागल्या. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागला.

"काकू, तुम्ही जेवला का नाहीत?"

"तुम्ही समोर बसलाय ना. ताट एकच. पाहुण्यांसमोर एकटीनं कसं गिळायचं?"

मी सिस्टरला ओरडूनच बोलावलं. साखर पार उतरली होती. ग्लुकोज पाजल्यावर काकू सावरल्या, तरी ताटाला हात लावेनात. शेवटी मी चपातीचा तुकडा मोडला, दुधीच्या अळणी भाजीबरोबर खाल्ला, तेव्हा कुठे बाईंनी पहिला घास घेतला.

"काकी, आता उद्या घरी नाही हं," सिस्टर म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. मला त्यांचा राग आला, माझाही आला, आणि डोळे भरून आले. ते बघून त्याच माझी समजूत घालायला लागल्या.

"अहो, एवढं काय त्यात? चांगलंच झालं. उद्या याच वेळेला या. तुम्ही येईपर्यंत मी जेवायची थांबते."