पुढच्या चाकांचा प्रश्न

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कणकवलीच्या गॅरेजमधल्या आमच्या मिस्त्रींचं आहे, आणि गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास आला की त्यांच्याकडची एक दुपार आठवते. घरातला पहिला पदवीधर मी, इंजिनिअर होऊन त्यांच्या हाताखाली शिकत होतो. वेंगुर्ल्याच्या एका काजू बागायतदाराने आपल्या फोर-बाय-फोर डिझेल ट्रकला हौसेने मोठे टायर बसवले होते, आणि आता पोती भरली की गाडी बागेची चढण चढत नव्हती. चाक मोठं झालं की ते फिरवायला इंजिनाचा जोर अपुरा पडतो. तो भरून काढायला, चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलमधला गिअर किती दात्यांचा हवा, ते ठरवायचं काम मिस्त्रींनी माझ्यावर सोपवलं. मी टायरवर खडूने खूण केली, गाडी ढकलली, चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फिरतो ते पुन्हापुन्हा मोजलं, आणि त्यात अगदी रंगून गेलो. शेवटी मागच्या ॲक्सलचा नवा गिअर सांगितला. बागायतदार ऑर्डर द्यायला फोन काढतोय तोच मिस्त्री म्हणाले, "पुढच्या चाकांका इचारलंस काय रे, इंजिनेर?" मी वाकून पुढच्या ॲक्सलकडे पाहिलं, तेवढ्यात ते म्हणाले, "चारी चाकां जोडलंस की मागची एक म्हणतली, पुढची दुसरा. भरल्या गाडयेत, चढणीर गिअर मोडतलो." दोन्ही ॲक्सलना सारखाच गिअर लागतो, हे मी विसरलो होतो. बागायतदाराला त्यांनी एवढंच सांगितलं, "दोन जोड मागवा, ह्येचो हिशोब बरोबर आसा." गाडी भरल्या पोत्यांनिशी चढली. परवा नोकरीत माझ्या सहीचं पहिलं ड्रॉइंग कारखान्यात गेलं, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं: "मिस्त्रीनू, सही करूच्या आधी पुढच्या चाकांका इचारलंय."