खोक्यातलं पुरणयंत्र

आमच्या शहराच्या म्युझियमला आईचं पितळी पुरणयंत्र द्यायला मीच तिला भरीला घातलं. घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिली. म्युझियममध्ये व्हॉलंटिअर झाले, याचंही आईबाबांना कोण कौतुक. भारतातून सुटकेसमध्ये साडीत गुंडाळून इथे आणलेलं ते यंत्र होळीच्या आठवड्यात ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत फिरायचं. ते काचेमागे गेलं, खाली आईचं नाव लागलं. ती हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला आहे, तिथल्या मैत्रिणींना मुद्दाम दाखवायला घेऊन गेली.

मग हिवाळ्यात वादळाने म्युझियमचं छप्पर उचकटलं. भिजलेल्या हॉलमधून आम्ही वस्तू खोक्यांत भरल्या आणि त्या शहराबाहेरच्या गोदामात गेल्या. दुरुस्ती झेपणार नाही, म्हणून कौन्सिलने इमारतच सोडली. नव्या जागेचं कुणी बोलेना. शेवटी शॉपिंग सेंटरमधलं एक रिकामं दुकान मिळालं. त्यात मोजक्याच वस्तू मावणार होत्या.

निवडीच्या मीटिंगला मलाही बोलावलं. स्क्रीनवर आमच्या यंत्राचा फोटो आला. लेबल भिजून गेलं होतं.

"हे काय?" कुणीतरी विचारलं.

"मटणाचा खिमा करायचं असणार. तसली आहेत आपल्याकडे दोन."

ते लेबल मीच लिहिलं होतं. पण स्वतःच्या आईची वस्तू पुढे करते म्हणतील, असं वाटलं. शिवाय माझ्या मास्टर्ससाठी शिफारसपत्र देणाऱ्या बाई समोरच बसल्या होत्या. मी वहीत बघत राहिले. फोटो पुढे सरकला.

घरी आई दारातच होती. "आपलं घेतलं ना गं?"

"जागा कमी आहे, आई."

"मग घरी घेऊन ये. होळी आलीये."

"आता ते त्यांचं आहे. फॉर्मवर तुझी सही आहे."

"तू म्हणालीस म्हणून केली सही."

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "मागव नवं ऑनलाइन. उद्या दारात."

"तुम्ही गप्प बसा हो." मग माझ्याकडे वळून, "तू होतीस ना तिथे?"

"होते."

तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक मी खरं सांगितलं असतं. बहुतेक.

होळीला ती पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने पुरण घासत होती. मनगट दुखलं की थांबायची, पुन्हा घासायची. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझा अभ्यास असेल."