खंजिरी आणि खरखर

"ही पोरगी बोलत नाई का रे?" काउंटरपलीकडून आजींनी मुलाला विचारलं. त्यांच्या मते हळू आवाजात.

"बोलते माय. इंग्लिश शाळेतली हाय म्हणे. कमी बोलते."

मी मान वर केली नाही. त्यांची जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड धूत होते.

खामगावच्या एका फोटो स्टुडिओत मी तेव्हा कॉम्प्युटरवर काम करायचे. लग्नाच्या कॅसेट्स सीडीवर घेणं हे रोजचं काम, रेकॉर्ड क्वचितच यायची. ही वरवट बकालहून आली होती. सात इंची, महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची. गावच्या भजनी मंडळाला मुंबईच्या एका कंपनीनं एकदाच बोलावलं होतं. लेबलवर गायकाचं नाव आणि खाली फक्त 'व मंडळी'. आजींचे यजमान त्या मंडळींतले. पुढच्या आठवड्यात त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि तिथे हे भजन लावायचं होतं. त्यांचा दुसरा कुठलाच आवाज कुठे राहिलेला नव्हता.

"बाजार करून येतो," म्हणून दोघं गेले.

पद्धत सोपी आहे. रेकॉर्डवर बारीक खाचा असतात, त्यातून सुई फिरते. खाचेत धूळ असेल तर खरखर, ओरखडा असेल तर टक्. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं, मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसायचं. मग प्लेयर कॉम्प्युटरला जोडून आवाज आहे तसा भरून घ्यायचा. ती मूळ फाइल. तिला हात लावायचा नाही, सगळी सफाई कॉपीवर. स्क्रीनवर टक् एखाद्या काट्यासारखा उभा दिसतो. सॉफ्टवेअर असे काटे शोधून काढून टाकतं.

इथे काटे खूप होते, आणि ठरावीक अंतरानं येत होते. आडवा ओरखडा असला की दर फेऱ्याला तसंच होतं, हे मला पाठ होतं. मी सेटिंग वाढवली. तरी थोडे राहिले. आणखी वाढवली. गायकाचा आवाज असा मोकळा झाला, की शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटावं.

"एक नंबर!" सर म्हणाले. सर म्हणजे स्टुडिओचे मालक. आजी आणि मुलगा परत आले तेव्हा त्यांनीच हौसेनं स्पीकर लावला.

मुलगा खूश झाला. आजी मात्र कपाळाला आठी घालून ऐकत राहिल्या.

"याच्यात ते नाईत," त्या म्हणाल्या.

"आजी, गाणारे तेच तर आहेत," सर म्हणाले.

"गाणारे हायेत हो. मी याच्या बापाचं म्हणते. खंजिरी त्याईची होती. हे तं कोणी दार ठोकून राह्यलं."

सरांनी मुलाला बाजूला घेतलं. "जुना माल आहे भाऊ. घासून जाते. मशीन काय करणार?"

"जाऊ दे माय. घासली असन," मुलगा म्हणाला.

"म्हणजे गेले ते," आजी म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत. रेकॉर्ड पुन्हा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायला लागल्या.

खंजिरी मी जवळून कधी ऐकलीच नव्हती. शाळेत पियानो होता. पण खंजिरीच्या कडेला पितळी चकत्या असतात एवढं माहीत होतं, आणि थाप पडली की त्या छन् वाजणार. स्क्रीनवर ते छन् कसं दिसेल?

काट्यासारखं.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. काढून टाकलेलं तेवढंच वेगळं ऐकता येतं. मी ती कधी वापरली नव्हती, कचरा कोण ऐकतं? हेडफोन लावला असता तर कुणाला कळलं नसतं. मी स्पीकरच चालू ठेवला आणि बटण दाबलं.

गाणं नाही, पेटी नाही. नुसती खरखर, आणि त्या खरखरीत छन्, छनन्, छन्. मध्येच एक लांब थरथर, मग पुन्हा ठेका.

आजींचा हात फडक्यावरच थांबला. "हेच ते," त्या म्हणाल्या. "चामड्यावर अंगठा घासत अशेच. मी म्हणो, बोट फुटन तुमचं."

सर माझ्याकडे वळले. "हे काय लावलं तू? मशीननं काढलं का हे?"

मशीनवर ढकलणं सोपं होतं. सरांनी वाटही करून दिली होती. माझं मराठी पुस्तकी आहे, लोक हसतात, म्हणून गिऱ्हाइकासमोर मी दोन शब्दांपुढे जात नसे.

"मशीननं नाही सर, मी काढलं," मी म्हणाले. "मला तो ओरखडा वाटला. आजी, रेकॉर्ड घासलेली नाही, चूक माझी आहे. मूळ आवाज माझ्याकडे तसाच आहे. मी पुन्हा करते. थोडी खरखर राहील, पण खंजिरी पूर्ण येईल. तुम्ही इथे माझ्या शेजारी बसा, आणि कुठला आवाज त्यांचा आणि कुठला धुळीचा, ते मला सांगा."