आहेराऐवजी बटण

"मॅडम, पुण्यात मसाल्यात मी पहिला. बघा!" सुधाकररावांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. ‘पुण्यातले मसाले’ शोधल्यावर खरंच त्यांचं दुकान सगळ्यांत वर होतं. मार्केट यार्डात त्यांचा मसाल्यांचा गाळा. आता हडपसरला दुसरं दुकान घ्यायचं ठरलं होतं. संध्याकाळी डिपॉझिटचा चेक द्यायचा होता. आयुष्यभराची शिल्लक त्यात जाणार होती.

माझं काम एसईओचं, म्हणजे सर्च इंजिनमध्ये गिऱ्हाइकाची वेबसाइट वर आणायचं. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा शोधाच्या निकालांशेजारी शिफारशीचं बटण असायचं. पान आवडलं तर दाबायचं.

मी अजून कामाला हातही लावला नव्हता. मग हे वर आले कसे?

"मुलीच्या लग्नपत्रिकेत छापलं होतं," ते म्हणाले. "आहेर आणू नये, बटण दाबावे."

"आणि लोकांनी दाबलं?"

"न दाबून सांगतात कोणाला? त्यांच्याकडचे आहेर मी काय कमी केलेत?"

मी माझ्या कॉम्प्युटरवर, लॉगिन न करता, तेच शब्द टाकले. तीन पानं उलटली. दुकान नाही.

"तुमचं मशीन बिघडलंय. व्याह्यांच्या फोनवर मी पहिला, साडूंच्या फोनवर पहिला."

"अहो, ते दोघेही लग्नाला होते. अनोळखी माणसाच्या फोनवर बघू. चेक त्यानंतर द्या."

कुरकुरत का होईना, ते आले. हडपसरला त्या नव्या दुकानासमोरच चहाची टपरी होती. आयटीतली मुलं उभी होती. विनंती केल्यावर दोघांनी शोधून दाखवलं. दुकानाचा पत्ता नाही. सुधाकररावांचा चेहरा उतरला. तिसरी एक मुलगी होती, यवतमाळची. तिच्या फोनवर दुकान पहिलं!

"बघा!" सुधाकरराव ओरडले.

मी फोन जवळ घेतला. निकालाखाली बारीक ओळ होती: अमुक मैत्रिणीची शिफारस. शेजारी छोटा फोटो.

"ही माझ्या ऑफिसातली," मुलगी म्हणाली.

सुधाकररावांनी चष्मा वर केला. "अहो, ही आमच्या जावयांची मावसबहीण!"

ओळखीच्यांनी बटण दाबलं की ते पान आपल्याला वर दिसतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. पण एकाच टपरीवर, एकाच वेळी, तेच शब्द टाकून प्रत्येकाच्या हातात वेगळं पुणं उमटलेलं मी प्रथमच पाहिलं. लग्नाच्या मांडवातून निघालेली एक शिफारस ऑफिसातल्या मैत्रीतून या मुलीच्या हातापर्यंत आली होती. यवतमाळची मुलगी आणि मार्केट यार्डातला व्यापारी, मधली गाठ त्या यंत्राला ठाऊक होती. त्या दोघांना नव्हती.

सुधाकरराव मुलीला म्हणाले, "घेशील का गं आमच्याकडून मसाला?"

"नाही हो काका. मला आई पाठवते."

चेक खिशातच राहिला. पुढे त्यांनी हडपसरच्या सोसायट्यांतून टेम्पो फिरवला, गिऱ्हाईक जोडलं आणि मगच दुकान घेतलं. छोटं. बटण केव्हाच बंद झालं, दुकान चालू आहे. पहिला नंबर आला असं कोणी सांगितलं, की मी आता आधी विचारते, कोणाच्या फोनवर?

धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला सुधाकरराव स्वतः आले होते. तीत बटणाचा उल्लेख नव्हता. ‘आहेर आणू नये’ हेही नव्हतं.