सरकारी अण्णा

फुकटचे बी चांगल्या रानात पेरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बांधशेजारी अण्णा. गावाने त्यांना ‘सरकारी अण्णा’ असे नाव ठेवले होते. सरकारची नोकरी त्यांनी एक दिवसही केली नव्हती.

पेठ वडगावच्या बाजूला आमचे गाव. ओलिताखालचे सगळे रान उसाचे. डाळी आणि तेलबिया वाढाव्यात म्हणून कृषी खात्याकडून प्रात्यक्षिकासाठी मोफत बियाणे येते. गावची रीत ठरलेली होती. पिशवी हसत घ्यायची, बी माळाकडच्या खडकाळ कोपऱ्यात टाकायचे आणि पीक खुरटले की म्हणायचे, “सरकारी बी असंच असतंय.”

अण्णा मात्र त्या बियाला विहिरीजवळचा काळाभोर तुकडा देत. कारण विचारले तर म्हणत, “बी म्हंजे पावणा. पावण्याला कुणी गोठ्यात झोपवतंय व्हय?”

दिवस बुडण्यापूर्वी जेवायचे, हा त्यांच्या घराण्याचा नेम. पेरणीच्या दिवसांत घरी पोहोचणे जमत नसे, तेव्हा ते बांधावरच डबा सोडत. तोंड पिकाकडे, पाठ माझ्याकडे. एकदा तसेच बसून म्हणाले, “बापू, तुझ्या उसाची सावली माझ्या हरभऱ्यावर पडत्या. जरा सरकव की पलीकडं.” मी हसलो नाही. ते दोघांच्या वाटणीचे हसले.

एका वर्षी त्यांच्या हरभऱ्यावर शिवारफेरी आली. पाहायला आलेल्यांनी पाहता पाहता डहाळे उपटून खायला सुरुवात केली. कृषी सहाय्यक बाई कासावीस झाल्या. “अण्णा, अडवा की त्यांना!”

“खाऊ दे की मॅडम. सरकारनं पीक दावायला लावलंय. खाल्ल्याबिगर कळतंय व्हय?” पुढे मळणीत उतारा कमी भरला, तेव्हा त्यांनी बाईंना गंभीरपणे सुचवले, “पोटात गेल्यालं पण धरा की उत्पन्नात.”

त्यांच्या मुलाला, सुकुमारला, हे पटत नसे. तो वाईट मुलगा नव्हे. “अण्णा, हिरीजवळचं रान उसाला द्या. गाव हसतंय,” एवढेच त्याचे म्हणणे.

“हसू दे. समद्यांनीच ऊस लावल्यावर भाकरीसंगं काय खाणार? चिपाडं?”

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास अण्णांनी अंथरूण धरले. हरभऱ्याची पिशवी आली ती सुकुमारने घेतली. विहिरीजवळ त्याने उसाची लावण केली आणि हरभरा माळाकडच्या कोपऱ्यात पेरला. वडिलांचा शब्दही राहिला आणि रानही सुटले, असा त्याचा हिशेब.

थोडे बरे वाटताच अण्णा काठी टेकत शेतावर आले. मी आधाराला हात दिला. तो त्यांनी घेतला, हे नवल. विहिरीजवळच्या सऱ्यांकडे त्यांनी पाहिले नाही. माळावर जाऊन दगडांतून वर आलेल्या विरळ, पिवळट रोपांपुढे ते उभे राहिले. मुलाला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला म्हणाले, “बियाची काय चूक, बापू? आता गाव म्हणणार, सरकारनं खराब दिलं.”

घाटे भरण्याआधी ते गेले. पीक खुरटलेच आणि गाव तेच म्हणाले.

यंदा बाई पिशव्या घेऊन आल्या आणि चावडीपाशी अडखळल्या. अण्णांच्या जागी कोणाला द्यावे, हे त्यांना सुचेना. मी म्हणालो, “मला द्या.” माझ्या विहिरीला लागून तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेला खोडवा होता. तो मोडून मी रान तयार केले. सुकुमार बांधावर येऊन म्हणाला, “बापूकाका, एवढं चांगलं रान?” मी पिशवीचे तोंड सोडले. तो खाली मान घालून गेला.

हरभरा दाट उगवला आहे. रंगही चांगला धरला आहे. हे ज्यांना सांगावे, ते नाहीत. बांधापलीकडे सुकुमारचा ऊस डोक्याच्या वर गेला आहे; आत अण्णा डबा सोडून बसले असते तरी दिसले नसते. मी रोज तिकडे पाहतो.