करंगळी सोडून

मंगळवार, भाऊबीजेनंतरचा आठवडा. भोकरदनला डॉक्टरांकडे हजर: मी, आमचे हे आणि माझी वही. सासूबाई घरी, म्हशीपाशी.

वहीत महिनाभराच्या मुंग्यांची नोंद होती. कोणत्या बोटांना आल्या, किती वेळ राहिल्या, त्याआधी कोणतं काम केलं. उजव्या हाताला त्या पावसाळ्यातच सुरू झाल्या होत्या, पण आमच्या धावड्यात मिरची तोडणाऱ्या बाईचा हात चुरचुरला तर कोण विचारतं? मीही ताकात हात बुडवायची, खोबरेल चोळायची आणि पुढच्या सरीला लागायची. दसऱ्याला मिरची उपटली, तरी मुंग्या थांबेनात. तेव्हा वही केली.

एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती. माझ्या वडिलांना लकवा झाला, त्याआधी त्यांचाही हात असाच बधिर पडायचा.

डॉक्टरांनी सगळी पानं वाचली. "अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं. करंगळी कुठंच नाही."

"तिला येतच नाहीत."

"मिरची करंगळीला सोडून देते का, ताई?"

ह्यांनी मधेच विचारलं, "मंग लकवा तर न्हाई ना?" म्हणजे धास्ती त्यांनाही होती, आणि आम्ही दोघांनी ती एकमेकांपासून लपवली होती.

डॉक्टरांनी मनगटावर बोटाने ठोकलं, तशा मुंग्या थेट तीन बोटांत गेल्या. "लकवा नाही. इथं नस दबतेय." रक्तही तपासलं, साखर बराबर निघाली. झोपताना मनगटाला पट्टी बांधायची, कामात मधूनमधून हात मोकळा सोडायचा आणि दोन महिने धार काढायची नाही.

"धार कोण काढणार मंग?" हे म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडेच बोट केलं.

स्टँडवर चहा घेतला. कप मी मुद्दाम उजव्या हातात धरला.

आता तीन आठवडे झाले. मुंग्या येतात, पण हात झटकला की जातात. वेणी पुन्हा माझी मी घालते. वहीत आता कामांची यादी आहे: पट्टी चालू आहे, विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून झालं आहे.

राहिली धार. म्हशीला माझा वास यावा म्हणून हे माझी जुनी साडी अंगावर घेऊन बसतात. म्हैस साडी हुंगते आणि बाजूला सरकते.

"लुगडं वळखलं तिनं," सासूबाई म्हणतात, "हात न्हाई वळखला."

तोवर सासूबाईच धार काढतात, गुडघे धरत उठबस करून. ह्यांना धार शिकवणे: बाकी.