वीरगळाला बांधलेली दोरी

आमच्या गावच्या जुन्या देवळापुढे एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा तो कोरीव दगड. परवा जुन्या वास्तू जपण्याच्या नव्या कायद्यावर गावाचं म्हणणं ऐकायला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले, तेव्हा त्यांच्या मांडवाची दोरी याच दगडाला आवळली होती, नेमकी वीराच्या गळ्यावरून.

माझं भांड्यांचं दुकान देवळालगत आहे. पावसापुरता पत्रा टाकला, तर याच खात्यानं तो उतरवला. देवळाला धोका म्हणे!

मी उठून दोरी दाखवली. साहेब हसले. "अहो शेठ, तासाभराचं काम. तात्पुरतं आहे."

"माझा पत्राही तात्पुरताच होता, साहेब."

"तुमचं म्हणणं लेखी द्या."

हातगाडीपासून दुकानापर्यंत मी घासाघीस करत आलो. एवढं कळतं, की माणूस बघून भाव बदलला तर तो सौदा नव्हे, लबाडी. कायदा याहून वेगळा कसा असेल? आणि तो वीर, इतके उन्हाळे-पावसाळे सोसून, मुकाट उभा. काथ्यानं घासून त्याच्या गळ्यावर पांढरी रेघ उमटली होती.

मी जाऊन गाठ सोडली. मांडव साहेबांच्या डोक्यावर कलला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच सगळ्यांनी त्या दगडाकडे पाहिलं.